सावली नसलेलं मंगळसूत्र

१

फोटोतली चिमी हसत होती, आणि ती हसत होती म्हणूनच तिच्या आईची तक्रार कोणी लिहून घेतली नव्हती.

"पोरगी सज्ञान आहे, खुशीत आहे, लग्न करून गेली आहे. तू कशाला हेलपाटे घालतेस?" असं म्हणून पोलिस ठाण्यातल्या अंमलदारानं फोटो नवसीच्या हातात परत दिला होता. नवसी तिथून उठली ती वाट विचारत विचारत पालघरला वकील जमना तामोरे हिच्या ऑफिसात आली. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. पदराखालून फोटो काढून तिनं टेबलावर पालथा ठेवला.

"मला तो बघवत नाय," ती म्हणाली. "तुमी बघा."

जमना सातपाटीची. तिचा आवाज बंदरावर घडलेला. कोर्टात तिला माइक लागत नसे. रागीट बाई अशी तिची ख्याती होती आणि ती ख्याती तिनं कधी खोडून काढायचा प्रयत्न केला नव्हता. पण ऐकायची वेळ आली की ती गप्प बसून ऐके.

नवसीचं गाव विक्रमगडच्या पलीकडे डोंगरात. पावसावर पिकणारा जमिनीचा तुकडा, नवरा मागेच वारलेला. थोरली पोर चिमी बोईसरला एका केमिकलच्या कारखान्यात कामाला लागली होती, धर्मेश नावाच्या ठेकेदारामार्फत. पोत्यांना टाके घालायचं काम, असं तिनं घरी सांगितलं होतं. राहायला बेटेगावात, बायडी नावाच्या मैत्रिणीबरोबर एका खोलीत. सणाला पोर घरी आल्याशिवाय राहत नसे. या दसऱ्याला ती आली नाही. फोन बंद. दिवाळीही गेली, तेव्हा नवसी स्वतः बोईसरला उतरली.

"ठेकेदारानं हा फोटो हातात ठेवला. म्हनला, तुझी पोर माझ्या ड्रायव्हरच्या मागं लागली, दोगांनी लगीन केलं. आता ती तिकडं गुजरातेत नणंदेच्या घरी हाय. तुझं तोंड बघायचं नाय म्हनते." नवसीचा आवाज अजिबात चढला नाही. "वकीलबाय, माझी पोर लगीन करंल. मला न सांगता पन करंल. पन माझं तोंड बघायचं नाय असं ती म्हननार नाय."

जमनानं फोटो उलटा केला.

स्टुडिओतला फोटो होता. मागे रंगवलेला पडदा: तळं, त्यापलीकडे डोंगर, डाव्या कोपऱ्यात उगवता सूर्य, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. पायऱ्यांपाशी डावीकडे एक उंच तरुण, गळ्यात हार. उजवीकडे चिमी. लाल साडी, कपाळाला कुंकू, गळ्यात आपली पोवळ्यासारख्या लाल मण्यांची माळ आणि तिच्यावर मंगळसूत्र. मान किंचित तरुणाकडे झुकलेली, डोळे हसून बारीक झालेले.

"त्या पोराला बघून नाय हसत ती," नवसी म्हणाली. "कोनीतरी गुदगुल्या केल्यावर हसते ना, तशी हसते."

जमनाच्या बापाचा सातपाटीत फोटो स्टुडिओ होता. लहानपणी तिनं लांब दांडीवरचा दिवा धरायचं काम पुष्कळ केलं होतं. पडद्यातला सूर्य जिकडे, आपला दिवा तिकडेच, हे बाप तिला सतत बजावी; तसं केलं तरच माणूस त्या चित्रात राहतो, नाहीतर चिकटवल्यासारखा दिसतो. तिनं भिंग काढलं आणि चिमीच्या चेहऱ्यावर धरलं. सूर्य डावीकडे. नाकाची सावली उजवीकडच्या गालावर. बरोबर. लाल मण्यांच्या माळेखाली प्रत्येक मण्याची बारीक सावली उमटली होती. मग भिंग जरा खाली सरकलं आणि तिथंच थांबलं.

तिचा चेहरा असा बदलला की नवसी पुढे झुकली. "काय झालं?"

"बाई," जमना म्हणाली, "हिच्या माळेला सावली आहे. मंगळसूत्राला नाही."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी जमना बोईसरला धर्मेशच्या ऑफिसात बसली होती. मुलीच्या आईची समजूत घालायची म्हणून दोन शब्द विचारायला आले आहे, असं तिनं सांगितलं. खोटं बोलताना तिला फार गोड बोलता येई, आणि त्याचा तिला स्वतःलाच राग येई.

धर्मेश चाळिशीचा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला, आदबशीर माणूस. त्यानं थंड पाणी मागवलं, पंखा तिच्याकडे वळवला.

"मॅडम, मी या पोरींना मुलीसारखं वागवतो. डोंगरातून येतात, इथली हवा लागते, मग काय, प्रेम होतं. मी म्हटलं, प्रेम आहे तर लग्न करा. लपूनछपून काही नको."

"तुम्ही होता लग्नाला?"

"देवळात हार घातले तेव्हा मीच होतो. नंतर स्टुडिओत मीच घेऊन गेलो. चिमी लाजत होती. मी फोटोग्राफरच्या मागे उभा राहून म्हटलं, अगं हस, आईला पाठवायचा आहे. तेव्हा हसली."

"दोघं एकत्रच उभे होते?"

तो हसला. "नवरा-बायको आहेत मॅडम. वेगळे कशाला उभे राहतील?"

"कधीची गोष्ट?"

"दसरा झाल्यावर लगेच."

जमनानं पाणी संपवलं. "आणि नवरा?"

"नीलेश? शिरगावचा आहे. माझी गाडी चालवतो. येऊन-जाऊन असतो." मग तो जरा थांबून म्हणाला, "आईला सांगा, पोरगी सुखात आहे. जास्त उकरलं की नवीन संसाराला दृष्ट लागते."

त्याच्या आवाजात धमकी नव्हती. काळजीच होती, आणि तीच जमनाच्या डोक्यात गेली. ती जिना उतरून खाली आली तेव्हा तिची कानशिलं तापली होती. मंगळसूत्र फोटोवर मागाहून चढवलेलं होतं, हे तिला कळत होतं. पण तेवढ्यानं काय सिद्ध होतं? नवरीच्या गळ्यात दागिना नीट दिसला नाही म्हणून स्टुडिओवाले काय वाटेल ते करतात. धर्मेश उद्या तेच सांगेल.

तिला फोटोतला पडदा बघायचा होता.

३

स्टुडिओ बाजारातल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. कारखान्यांत राबणारी परप्रांतातली मुलं इथं येत आणि तळ्याकाठी उभी राहून गावी फोटो पाठवत. मालक विनोद बोलका होता. जमनानं आपला फोटो काढायला सांगितला आणि ती पडद्यापुढे जाऊन उभी राहिली.

तोच सूर्य, तेच डोंगर, त्याच पायऱ्या. फक्त एक गोष्ट तिला खटकली. पायऱ्यांपाशी पाण्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी कमळं होती.

विनोदनं दिवे लावले. दोन्ही बाजूंना पांढऱ्या कापडाच्या मोठ्या पेट्या, दोन्हींतून सारखाच मऊ उजेड. जमनानं आपला हात गळ्यापाशी धरला. सावली पडली नाही.

"पूर्वी एकच दिवा असायचा ना, डावीकडून?"

"तुम्हाला कसं कळलं?" विनोद खूश झाला. "तो पिवळा दिवा आता अडगळीत टाकला. सावल्या फार पडायच्या. गिऱ्हाइकाला गोरं दिसायचं असतं, सावली कोणाला पाहिजे? गणपतीनंतर हे नवीन घेतले."

"कमळं छान आहेत."

"ती पण तेव्हाचीच. पावसाळ्यात वरून गळून पडद्याला खाली तपकिरी डाग पडला होता. पेंटरला बोलावलं, त्यानं डागावर कमळं काढली. कोणी ओळखणार नाही."

जमना पडद्यापुढून बाजूला झाली, पिशवीतून फोटो काढला आणि त्याच्या टेबलावर ठेवला.

"हा कधी काढलात?"

विनोदनं फोटो पाहिला, आणि त्याचा सगळा बोलकेपणा गेला. "दसऱ्यानंतर. लग्न झालेलं जोडपं होतं."

"मुलाच्या पायाशी काय आहे?"

"कमळं."

"आणि मुलीच्या पायाशी?"

चिमीच्या बाजूला नुसतं निळं पाणी होतं. कमळं दोघांच्या मधोमध येऊन थांबली होती.

"मुलाच्या तोंडावर सावली नाही, तुमचे नवे दिवे आहेत," जमना म्हणाली. तिनं आवाज खाली ठेवला होता. "मुलीच्या नाकाची सावली गालावर आहे, तुमचा जुना दिवा आहे. तिच्यामागच्या पडद्याला कमळं नाहीत आणि डागही नाही. म्हणजे तिचा फोटो पावसाळ्याच्याही आधीचा. एका फोटोत तुम्ही दोन ऋतू भरलेत, विनोदभाऊ. आता खरं सांगता, की मी पोलिस घेऊन येऊ?"

विनोद स्टुलावर बसला. "आम्ही जोडतो मॅडम, रोज जोडतो. कोणाचा बाप वारलेला असतो, लेकीच्या लग्नाच्या फोटोत तो पाहिजे असतो. कोणाचा नवरा आखातात असतो. यात वाईट काय आहे? धर्मेशभाई म्हणाले, पोरीला यायला जमत नाही, तिचा शिमग्याचा फोटो तुझ्याकडे आहे, त्यात नीलेशला बसव आणि मंगळसूत्र घाल. मी घातलं."

"मूळ फोटो कुठे आहे?"

"त्यांनी पुसून टाकायला लावला. समोर उभं राहून."

"त्या मूळ फोटोत तिच्याशेजारी कोण होतं?"

"शिमग्याला केवढी गर्दी असते. मला आठवत नाही, शप्पथ." तो खरंच बोलत असावा. मग त्याला काहीतरी आठवलं. "पण त्यांना पक्कं माहीत होतं. शिमग्याचा, लाल साडीतला, असं सांगतच ते आत आले."

म्हणजे त्या फोटोबद्दल धर्मेशला कोणीतरी सांगितलं होतं. जमनानं फोटो पुन्हा हातात घेतला. चिमीच्या दंडावर, मुलाच्या बाजूला, एक काळपट डाग होता. काल तिला तो छपाईतला दोष वाटला होता. आता तिनं तो खिडकीपाशी नेला आणि नीट पाहिला.

तो डाग नव्हता. ती एका माणसाच्या डोक्याची सावली होती.

४

बेटेगावातल्या खोलीत बायडी एकटीच होती, कारखान्यातल्या पाळीवरून नुकती आलेली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची. केसांचा घट्ट अंबाडा आणि त्यात अबोलीचं फूल. नवसी जमनाबरोबर आली होती. तिला बघताच बायडीनं मान खाली घातली.

"मावशी, मला काय म्हाईत नाय. एक दिवस ती कामावरून परत आली नाय. मागून कळलं लगीन केलं म्हनून."

"हा फोटो पाहिला होतास?" जमनानं विचारलं.

"नाय."

"त्या स्टुडिओत कधी गेली होतीस?"

"आमी कशाला जाऊ? कवाच नाय."

जमना चटईवर तिच्यासमोर बसली. "माझा बाप फोटो काढायचा, बायडी. दिवा उंच धरला की सावली खाली उतरते. या फोटोत दिवा डावीकडे उंचावर होता. हा मुलगा चिमीपेक्षा पुष्कळ उंच आहे. तो खरंच इथं उभा असता तर त्याची सावली चिमीच्या तोंडावर पडली असती, आणि ती अशी हसताना दिसलीच नसती. तिच्या तोंडावर ऊन पडल्यासारखा उजेड आहे. सावली पडली आहे दंडावर. म्हणजे शेजारी उभं असलेलं माणूस तिच्याएवढंच, नाहीतर तिच्याहून बुटकं होतं. आणि ही सावली बघ. गोल डोकं, मागे अंबाडा, अंबाड्यात वर आलेलं फूल. त्या माणसाला फोटोतून काढलं, पण त्याची सावली काढायची राहिली."

बायडीनं फोटोकडे पाहिलं नाही. तिचा हात आपसूक अंबाड्याकडे गेला आणि तिथंच राहिला.

नवसी पुढे सरकली. ती मारते की काय, असं जमनाला क्षणभर वाटलं. नवसी तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "तूच गुदगुल्या केल्या होत्यास ना तिला?"

त्यावर बायडी फुटली.

टाके घालायचं काम नव्हतंच. कधी पोती, कधी पिंपं, कधी टाकी धुणं, ठेकेदार सांगेल ते. नवरात्रात एक दिवस चिमीला टाकीच्या तळाशी साचलेला गाळ काढायला उतरवलं. तोंडाला नुसतं फडकं. कोणीतरी वरून केमिकलच्या नळीचं तोंड उघडलं, की आधीच उघडं होतं, बायडीला माहीत नाही. तिनं फक्त किंकाळी ऐकली. चिमीला वर ओढलं तेव्हा तिचे दोन्ही हात डोळ्यांवर होते आणि चेहऱ्याची कातडी पांढरी पडत चालली होती. धर्मेशनं तिला स्वतःच्या गाडीत घातलं. संध्याकाळी येऊन सगळ्यांना सांगितलं, इलाज चालू आहे, कोणी तोंड उघडलं तर आख्ख्या पाड्याचं काम बंद. बायडीचा भाऊ आणि वहिनी दोघंही त्याच्याकडेच होती.

"आठवड्यानं आला. म्हनला चिमीचा चांगला फोटो हाय का. मला वाटलं दवाखान्यात लागतो. मी शिमग्याचा सांगितला." ती नवसीच्या पायांकडे बघत बोलत होती. "मागनं हा फोटो ठेकेदाराच्या दारात तुमच्या हातात बघितला, तवा समजलं. मग बोलायला तोंडच राहिलं नाय."

"जिती हाय का?" नवसीनं विचारलं.

"म्हाईत नाय, मावशी."

"कुठं हाय?"

"ते पन नाय म्हाईत."

नवसी उठून बाहेर गेली. अंगणातल्या पाण्याच्या पिंपाला दोन्ही हात टेकून ती उभी राहिली. जमना तिच्या मागे आली, पण तिला हात लावायची जमनाची हिंमत झाली नाही.

५

नवसीला परत पाठवलं होतं त्या ठाण्यात उपनिरीक्षक स्नेहा पाटील नवीन होती. तिनं जमनाचं सगळं सांगणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वकीलबाई, अपघात झाला हे बायडीचं म्हणणं. कारखाना म्हणेल, या नावाची बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच. फोटो जोडला हे खरं, पण त्यावरून मुलगी कुठे आहे ते कळत नाही. धर्मेशला उचललं तर तो वकील आणेल आणि तोंड शिवून बसेल. तेवढ्यात तिला हलवलं तर?"

"म्हणूनच आधी त्याच्याकडे जायचं नाही," जमना म्हणाली. "मी कालपासून एकाच गोष्टीवर डोकं फोडते आहे. पोरगी गायब झाल्याचं लपवायचं होतं, तर पळून गेली म्हणायचं. रोज म्हणतात लोक. लग्नाचा फोटो कशाला? एवढा खटाटोप करून नवरा का उभा केला? आईची समजूत तर नुसत्या निरोपावरही घालता आली असती."

स्नेहानं खांदे उडवले. "आई पोलिसात गेली तर दाखवायला."

"तेही आहे. पण बायडीकडे तो फोटो मागायला आला तो आठवड्याभरात. तेव्हा आई बोईसरला आलीही नव्हती. फोटो आईसाठी नव्हताच. आईच्या हातात तो नंतर कामाला आला." जमना टेबलावर पुढे झुकली. "भाजलेली, बेशुद्ध, आपलं नाव सांगू न शकणारी बाई घेऊन कोणी एकटा पुरुष कुठे गेला, तर पहिला प्रश्न काय विचारतील? ही तुमची कोण? सही कोण करणार? ठेकेदार म्हटलं की कारखान्यातला अपघात म्हणून नोंद होते, पोलिस येतात. नवरा म्हटलं की चुलीवर भडका उडाला, एवढ्यावर भागतं. नवऱ्याला कोणी नवरा असल्याचा पुरावा मागत नाही. आणि कोणाला शंका आली तर मोबाइलवर लग्नाचा फोटो."

स्नेहा सावकाश म्हणाली, "म्हणजे ती दवाखान्यात आहे."

"त्यानं हा नवरा मेलेल्या बाईसाठी उभा केला नसता. जाळून मोकळा झाला असता. तिच्यासाठी अजून सह्या लागत होत्या. म्हणजे फोटो काढला तेव्हा तरी ती जिवंत होती."

हे ती नवसीसमोर बोलली नव्हती. खोटी आशा दाखवणं हे धर्मेशच्याच जातीचं काम झालं असतं.

शिरगावात नीलेशचं घर किल्ल्याच्या पुढे, सुरूच्या झाडांकडे. दुपारची वेळ. तो अंगणात गाडीचा आरसा पुसत होता. फोटोत होता त्यापेक्षा लहान दिसत होता. स्नेहा साध्या कपड्यांत मागे उभी राहिली. जमना त्याच्याशी बोलली, आणि या खेपेला गोड बोलली नाही.

"नीलेश, तुझ्या बायकोची वकील आहे मी. चिमीची."

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. "ती गुजरातेत आहे. माझ्या बहिणीकडे."

"ते मला कळलं आहे. तिच्या आईची काही तक्रार नाही. लग्न झालं ना, मग झालं. मला फक्त कायद्याचं विचारायचं आहे. तिचं काही बरंवाईट झालं तर जबाबदारी नवऱ्याची. पुढचे सगळे निर्णय तुझ्या नावावर. उद्या ती दगावली तर पहिला जाब तुला. धर्मेशचं नाव कुठेच नाही. हे तुला ठाऊक आहे ना?"

"दगावली कशी? डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही." तो घाईनं म्हणाला. "डोळ्याच्या ऑपरेशनवर मी फक्त सही केली. भाई म्हणाले म्हणून केली."

मागून समुद्राचा आवाज येत होता.

"मी डॉक्टरचं नाव काढलं नव्हतं," जमना म्हणाली. "डोळ्याचंही नाही. तू तर बहिणीकडे आहे म्हणालास."

नीलेश जमिनीवर बसला. स्नेहा पुढे आली, तिनं ओळखपत्र दाखवलं. त्याला त्याची गरज उरली नव्हती. राज्याच्या हद्दीपलीकडच्या एका लहान खाजगी दवाखान्याचं नाव त्यानं आपणहून सांगितलं. तिथं चिमी वेगळ्याच नावानं होती. तो जाऊन सही करून यायचा, तिच्याशी बोलायचा नाही. एकदाच बोलला होता, धर्मेशनं सांगितलं म्हणून.

"काय बोललास?"

"तिला सांगितलं, की..." त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "की तुझ्या आईला कळवलं होतं. आई म्हणाली, आंधळी पोर घेऊन मी काय करू. ठेवा तिकडेच."

जमनाचा हात उठला होता. स्नेहानं तो वरच्यावर धरला.

६

दवाखान्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीत चिमी भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, गळ्यापासून कानापर्यंत ताणलेली गुलाबी कातडी. एका डोळ्याची आशा नाही, दुसऱ्याचं अजून सांगता येत नाही, असं डॉक्टर दारातच म्हणाला. स्टोव्ह भडकल्याचं नवऱ्यानं सांगितलं होतं. चेहऱ्यावरच्या जखमा आगीच्या नाहीत हे आपल्याला कळत नव्हतं का, या स्नेहाच्या प्रश्नावर त्यानं नुसता नवऱ्याच्या सहीचा कागद पुढे केला.

नवसी आत गेली. पलंगापाशी उभी राहिली. चिमीनं पावलं ऐकली आणि अंग आखडून घेतलं.

"सही करून जा," ती भिंतीला म्हणाली. "मला बोलायचं नाय."

"चिमे."

चिमी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "कोन हाय?"

"मी हाय. आयस."

"आयस येनार नाय. तिला नको हाय मी."

नवसीनं काही समजावलं नाही. ती पलंगावर चढून लेकीच्या पाठीशी आडवी झाली आणि तिला मागून घट्ट धरून राहिली. जमना दारातून बाजूला झाली आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

धर्मेश तिथं आला तो तासाभरानं. नीलेशचा फोन लागेना म्हणून तो थेट इकडेच निघाला होता. स्नेहाच्या माणसांनी त्याला जिन्यातच थांबवलं. तरीही जमनाला बघून त्यानं नमस्कार केला. शर्ट अजून इस्त्रीचाच होता.

"मॅडम, मी काय वाईट केलं? रस्त्यात फेकून दिली का तिला? इलाज केला. ऑपरेशन केलं. दुसरा कोणी असता तर..."

"दुसरा कोणी असता तर तिला टाकीत उतरवायच्या आधी तोंडाला काहीतरी दिलं असतं," जमना म्हणाली. "तू तिला फडकं दिलंस. मग नवरा दिलास. मग तिची आई काढून घेतलीस. इलाज म्हणतोस याला?"

तो काही बोलायला गेला, पण जमना त्याच्या इतकी जवळ आली की त्याला मागे भिंतीला टेकावं लागलं.

"तुला वाटलं, ही डोंगरातली बाई फोटो बघेल, रडेल आणि परत जाईल. पोलिसांना पण तसंच वाटलं. सगळ्यांनी तो फोटो बघितला रे, आणि कोणालाच त्यात चिमी दिसली नाही. तिच्या आईला दिसली." तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण आतून चिमीचा आवाज आला. ती वळली.

खोलीत चिमी उठून बसली होती. नवसीनं तिला मागून टेकू दिला होता. स्नेहा जबाब घ्यायला समोर बसली, नाव, वय, गाव विचारून झालं. मग तिनं हळू आवाजात विचारलं, "अपघात झाला त्या दिवसापासून सांगशील? जमेल तसं. घाई नाही."

चिमीनं आवाजाच्या दिशेनं पट्टीबांधला चेहरा वळवला.

"टाकीचं मागनं सांगतो. सगळं सांगतो, कोन कोन होता ते पन," ती म्हणाली. "पहिलं हे लिवा. माझं लगीन झालेलं नाय."

स्नेहानं लिहिलं.

"लिवलं?"

"लिहिलं."

"वाचून दाखवा," चिमी म्हणाली.